रॉकेटची कारभारीण

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, फक्त मिक्सर तेवढा पंधरा मिनिटं बंद ठेवा.

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. १९ तारखेला आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजत होते, तेव्हा सुनीता विल्यम्स अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरल्या. आठ-दहा दिवसांसाठी म्हणून जून २०२४ मध्ये वर गेलेली बाई २८६ दिवसांनी परत आली. आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी पहाटे उठून मोबाइलवर ते पाहिलं होतं. एकीनं देवापुढं दिवाही लावला होता. दुसऱ्या दिवशी २० तारीख, म्हणजे आमच्या बैठकीचा दिवस. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या आणि विषय निघाला तो सुनीताचाच. ती गेली ती गाडी बोईंग कंपनीची, तिच्यात बिघाड झाला, म्हणून ती रिकामीच खाली आणली आणि सुनीताला दुसऱ्या गाडीतून आणावं लागलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत वयस्कर माई म्हणाल्या, "ती दुसरी गाडी सरकारी होती का वडाप?"

सगळ्या हसलो. मागून लक्षात आलं, की अख्ख्या बैठकीत कामाचा प्रश्न तोच होता. ती गाडी वडापच होती. ड्रॅगन तिचं नाव. स्पेसएक्स नावाच्या खासगी कंपनीची ती गाडी, आणि नासा, म्हणजे अमेरिकेची सरकारी अवकाश संस्था, त्या कंपनीला फेरीचे पैसे मोजते. वरच्या अवकाश स्थानकापर्यंत माणसं आणि सामान न्यायचं-आणायचं, त्याचं भाडं ठरवून द्यायचं, असा तो व्यवहार. कंपनीचा मालक इलॉन मस्क. त्याचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. पण रोजचा कारभार, म्हणजे ऑर्डरी धरायच्या, करार करायचे, गिऱ्हाइकांना शब्द द्यायचा आणि हजारो माणसांकडून तो पाळून घ्यायचा, हे सगळं एक बाई बघते. ग्विन शॉटवेल तिचं नाव. कंपनीची ती अध्यक्ष आहे. आपल्या गटात अध्यक्ष वेगळी आणि कामं रेटणारी वेगळी असं कधी कधी होतं, तसं तिथं नाही. तिच्याकडे दोन्ही.

आज तिच्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्याला कारण आमच्या गटातलंच आहे. मे महिन्यात गटातल्या एका ताईंनी ४० हजारांचं कर्ज मागितलं. मुलगी बारावी सायन्स झालेली, तिला इंजिनिअरिंगला जायचं, तेही मेकॅनिकलला. घरात चुलते म्हणत होते, कॉम्प्युटर तरी घे, एसीत बसशील, ग्रीस-ऑइलमध्ये हात घालणं पोरींचं काम नाही. गटातही दोन तट पडले. एक वहिनी म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी दिसते, दूध दिसतं. ह्यात आपल्याला काय दिसणार? उद्या तिचं लग्न झालं की हप्ते कोण भरणार?" वहिनींचं चुकलं असं आम्हांला म्हणवेना. शिलकीत तेव्हा ५२ हजारच होते, आणि पेरण्या तोंडावर आलेल्या. निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला. आम्ही समन्वयक असलो तरी शिकलोय बीए, मराठी विषय घेऊन. रॉकेटशी आमचा संबंध दिवाळीतल्या बाणाइतकाच. तरी त्या महिनाभरात जमेल तेवढं वाचलं आणि जूनच्या बैठकीत सांगितलं. तेच आज तुम्हांला सांगतो.

ग्विनचा जन्म १९६३ चा, शिकागो शहराच्या बाजूचा. त्याच वर्षी जूनमध्ये रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा अवकाशात गेली, जगातली पहिली बाई. ती आधी कापड गिरणीत कामाला होती, हेही आम्हांला ह्या निमित्तानंच कळलं. तर ग्विनला काही लहानपणापासून आभाळाचं वेड नव्हतं. १९६९ साली चंद्रावर माणूस उतरला ते टीव्हीवर पाहताना आपल्याला कंटाळा आला होता, असं तीच सांगते. तिला कुतूहल होतं ते मोटारीच्या इंजिनाचं. तिसरीत असताना तिनं आईला विचारलं, इंजिन कसं चालतं? आई "तुला काय करायचंय" असं म्हणाली नाही. तिनं इंजिनावरचं एक पुस्तक आणून दिलं.

पुढं पोरगी हायस्कुलात गेली. तेव्हा ह्याच आईनं तिला ओढून एका कार्यक्रमाला नेलं. बायका इंजिनिअरांच्या संघटनेनं ठेवलेला कार्यक्रम, कॉलेजच्या आवारात. व्यासपीठावर वेगवेगळ्या प्रकारच्या इंजिनिअर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक मेकॅनिकल इंजिनिअर होती. ग्विनला ती फार आवडली. तिचं बोलणं आवडलं आणि तिनं घातलेला सूटही फार आवडला. कार्यक्रम संपल्यावर ग्विन तिच्याशी जाऊन बोलली, आणि घरी परतली ती मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं ठरवूनच.

सूट आवडला म्हणून इंजिनिअर झाली, हे ऐकून बैठकीत हशा पिकला. पण जरा आपल्या पोरींचं बघा. चांगली साडी नेसून, खांद्याला पर्स लावून, चार माणसांत बोलणाऱ्या बायका त्यांना गावात कोण दिसतात? शाळेतल्या बाई, सिस्टर, कधी तलाठी मॅडम. म्हणून मोठेपणी कोण होणार विचारलं की आपल्या पोरी शिक्षिका, नर्स, तलाठी सांगतात. वहिनी म्हणाल्या होत्या ना, शेळी दिसते. पोरींचंही तसंच आहे, दिसेल तेच त्या मागणार.

ग्विन मेकॅनिकल शिकली, पुढं गणिताची वरची पदवी घेतली. मोटारींच्या कंपनीत काही काळ काढला, मग अवकाशाच्या कामाशी संबंधित एका संस्थेत दहा वर्षांहून जास्त. २००२ साली ती एका छोट्या कंपनीत होती. तिचा एक सहकारी नुकताच स्पेसएक्समध्ये लागला होता. स्पेसएक्सही तेव्हा नुकतीच सुरू झालेली, मूठभर माणसांची. ग्विन त्याच्याबरोबर जेवायला गेली, त्याला सोडायला त्या कंपनीत गेली आणि तिथं मस्कशी गाठ पडली. पाच-दहा मिनिटांच्या बोलण्यात तिनं त्याला सांगून टाकलं, की तुम्ही रॉकेट बनवताय, पण विकायला पूर्ण वेळ माणूस कुठं आहे? त्याच दिवशी त्यानं ती जागाच तिला देऊ केली.

आता ऐका. ती लगेच हो म्हणाली नाही. चाळिशी जवळ आलेली, दोन मुलं लहान, नवऱ्यापासून वेगळं होणं चाललेलं, घराचं काम काढलेलं. चांगली बांधलेली नोकरी सोडून, ज्यांचं एकही रॉकेट उडालेलं नाही अशांकडं जायचं? काही आठवडे ती ह्याच विचारात होती. मग एके दिवशी गाडी चालवता चालवता तिनं फोन लावला आणि येते म्हणून सांगितलं. हा भाग सांगताना बैठकीत कोणी हसलं नाही. आमच्यातल्या तिघी एकट्यानं पोरं वाढवतात.

तिचं काम होतं रॉकेटच्या ऑर्डरी आणायचं. आपण मसाला विकतो तेव्हा निदान पुडी उघडून वास तरी देता येतो. हिच्याकडे दाखवायला काय होतं? पहिलं रॉकेट, फाल्कन-१, मार्च २००६ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरून उडालं आणि पडलं. दुसरं २००७ मध्ये, तेही कक्षेत पोचलं नाही. तिसरं ऑगस्ट २००८ मध्ये, तेही गेलं. ह्या सगळ्या काळात ही बाई गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन बसत होती. आमचं पडलं, ह्या कारणानं पडलं, आता आम्ही अमुक बदललंय, असं सांगत होती. मलेशियानं आपला उपग्रह ह्याच रॉकेटवर द्यायचं ठरवलेलं होतं आणि शेवटी जुलै २००९ मध्ये तो त्याच रॉकेटनं गेला.

चौथं रॉकेट २८ सप्टेंबर २००८ ला उडालं आणि कक्षेत पोचलं. कंपनीतले पैसे तोवर संपत आले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासानं अवकाश स्थानकावर सामान पोचवायच्या १२ फेऱ्यांचं कंत्राट दिलं, १६० कोटी डॉलरचं. लक्षात घ्या, ज्या मोठ्या रॉकेटनं आणि ज्या ड्रॅगन गाडीनं हे सामान जाणार होतं ती तेव्हा एकदाही उडालेली नव्हती. मोठं रॉकेट, फाल्कन-९, पहिल्यांदा उडालं जून २०१० मध्ये. म्हणजे नासानं पैसे मोजले ते शब्दावर आणि कागदावर. तो कागद पक्का करण्यात ग्विनचा मोठा वाटा होता, आणि त्याच सुमारास ती कंपनीची अध्यक्ष झाली. मे २०१२ मध्ये ड्रॅगन स्थानकापाशी पोचली. खासगी कंपनीची गाडी तिथं जायची जगातली ती पहिलीच वेळ.

पुढं त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पूर्वी रॉकेट म्हणजे, तालुक्याला टोमॅटो पोचवले की टेम्पो खाडीत ढकलून द्यायचा आणि पुढच्या फेरीला नवा घ्यायचा, असा प्रकार होता. ह्यांनी रॉकेटचा खालचा मोठा भाग परत जमिनीवर उभा उतरवला, डिसेंबर २०१५ मध्ये, आणि २०१७ पासून तोच पुन्हा वापरायला लागले. भाडं उतरलं ते त्यामुळं.

त्याआधी, जून २०१५ मध्ये, सामान घेऊन निघालेलं एक रॉकेट दोन-सव्वादोन मिनिटांत फुटलं होतं. कारण निघालं आतली एक बाटली धरून ठेवणारा आधाराचा दांडा. तो सोसायला हवा त्यापेक्षा कितीतरी कमी ताणाला तुटला. एवढंसं लोखंड! त्यांनी तिथून पुढं बाहेरून आलेल्या मालाची तपासणी कडक केली. आपल्याकडे एका पाकिटात खडा निघाला तर अख्खी ऑर्डर परत येते, ती गोष्ट आठवली. सप्टेंबर २०१६ मध्ये तर इंधन भरतानाच रॉकेटनं पेट घेतला आणि वर बसवलेला इस्रायलचा उपग्रह जळाला. दोन्ही वेळा महिनोन् महिने उड्डाणं बंद. रांगेत उभी असलेली गिऱ्हाइकं दुसरीकडं जाऊ नयेत म्हणून त्यांच्याशी बोलत राहणं, हे त्या बाईचं काम. आम्हांला विचाराल तर रॉकेट उडतानाचा जो व्हिडिओ सगळे बघतात त्यापेक्षा हे मोठं. ते कोणी दाखवत नाही.

सगळंच गोड सांगणार नाही. २०२२ मध्ये कंपनीतल्या काही कामगारांनी मालकाच्या जाहीर वागण्याबोलण्याबद्दल खुलं पत्र लिहिलं. कंपनीनं त्यांतल्या काहींना कामावरून काढलं, आणि ग्विननं सगळ्यांना पत्र पाठवून ती कारवाई बरोबरच ठरवली. हे आम्हांला पटलं नाही. बैठकीत आम्ही तसं बोललोही. तेव्हा माई म्हणाल्या, "कारभारीण झाली की धन्याची बाजू घ्यावीच लागते." त्यावर बराच वेळ वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

ही एकटी ग्विन नाही. पण फार जणी आहेत असंही नाही. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की जगभरात अवकाशाच्या कामात असलेल्या माणसांत साधारण पाचांत एक बाई आहे. त्याच संयुक्त राष्ट्रांचं अवकाशाच्या कामकाजाचं एक कार्यालय व्हिएन्ना शहरात आहे. कोणत्या देशाचा उपग्रह कुठं, वरच्या कचऱ्याचं काय करायचं, कोणाच्या वाट्याला काय, ह्या गोष्टी तिथं देशादेशांना एकत्र बसवून बोलल्या जातात. त्या कार्यालयाच्या प्रमुखपदी २०२३ साली आरती होल्ला-मैनी ह्यांची नेमणूक झाली. त्या ब्रिटनच्या, मुळच्या भारतीय घरातल्या. आणि शिक्षण कसलं? कायद्याचं. आमच्यासारख्या आर्ट्सवाल्यांना हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि आपल्याकडच्या निगार शाजी. तामिळनाडूत सेंगोट्टई म्हणून गाव आहे, तिथल्या त्या शेतकऱ्याच्या मुलगी. मुलींच्या सरकारी शाळेत शिकल्या, तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झाल्या आणि १९८७ मध्ये इस्रोत लागल्या. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ मोहिमेच्या त्या प्रकल्प संचालक. २ सप्टेंबर २०२३ ला यान निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. त्यावर सात उपकरणं आहेत, त्यांतली एक दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेनं तयार केली. इतक्या लांबच्या यानाशी बोलायला युरोपच्या अवकाश संस्थेचे अँटेनाही वापरले, कोणता ऑस्ट्रेलियात, कोणता स्पेनमध्ये. इतक्या ठिकाणच्या माणसांना एका वेळापत्रकात बसवायचं म्हणजे काय, ते ज्यांनी ग्रामसंघाच्या सगळ्या गटांना एका दिवशी बँकेत आणलंय त्यांनाच कळेल.

शिवणवाल्या मैत्रिणींसाठी एक सांगायचं राहिलं. चंद्रावर जे गेले त्यांचे पोशाख अमेरिकेतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी शिवले होते, ज्या कारखान्यानं आधी बायकांचे आतले कपडे बनवले त्याच कारखान्याच्या. एकवीस थर, आणि टाका चुकायची मुभा इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढी. एखादी टाचणी आत राहिली तर वरचा माणूस मरेल, म्हणून टाचण्या मोजून मिळायच्या आणि मोजून परत घ्यायच्या.

जूनच्या बैठकीत हे सगळं सांगून झाल्यावर वहिनींनी विचारलं, "मग ही आपली पोरगी त्या ग्विनच्या कंपनीत लागणार का?" आम्ही सरळ सांगितलं, नाही. अमेरिकेत रॉकेट शस्त्रासारखं धरतात. तिथले नागरिक किंवा तिथं कायमचं राहायची परवानगी मिळालेले, अशांनाच ते काम सहसा मिळतं. पण इथं आपल्याकडं दारं आहेत. इस्रोत दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना तंत्रज्ञ म्हणून घेतात, डिप्लोमावाल्यांना तांत्रिक सहायक म्हणून, इंजिनिअरांना त्यावरच्या जागी. परीक्षा असतात, जागा थोड्या असतात. पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटची मोठाली कवचं तयार होतात, आणि मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात रॉकेटची इंजिनं. २०२० पासून सरकारनं खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळं केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं रॉकेट उडालं, ते भारतातलं खासगी कंपनीचं पहिलं. अशा सगळ्या ठिकाणी कातारी, वेल्डर, तपासनीस, मेकॅनिकलवाले लागतात. आणि समजा रॉकेट नाही मिळालं, तर साखर कारखाना आहेच की, पंप आहेत, ट्रॅक्टर आहेत. मेकॅनिकल उपाशी ठेवत नाही.

मग ठराव झाला. ४० हजार एकदम नाही. २० हजार आता वसतिगृहासाठी, २० हजार जानेवारीत, आणि व्याज नेहमीच्या दोन टक्क्यांऐवजी दरमहा एक टक्का. वहिनींनी सही केली, पण इतिवृत्तात आपलं मत वेगळं लिहून घ्यायला लावलं. ते आम्ही लिहिलं.

दिवाळीत पोरगी घरी आली तेव्हा बैठकीला आली होती. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कानशीनं घासून बसवलेले लोखंडाचे दोन तुकडे घेऊन आली होती, एक दुसऱ्यात चपखल बसणारा. तळहाताला फोड आलेले. तुकडे हातोहात फिरले. वहिनींनी ते उजेडाकडे धरले, मधल्या फटीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "इथं अजून घासायला हवं होतं." पोरगी म्हणाली, सरही तेच म्हणाले, दहापैकी सहाच दिले.

जानेवारीचे २० हजार देऊन झालेत. ताईंचा हप्ता चुकलेला नाही.

आता ज्यांच्या घरात बारावीची मुलगी आहे त्यांनी कागद-पेन घ्या. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंटच्या जागेवरून नको. वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं, एसटी हा खर्च आपलाच, गटाचं कर्ज लागतं ते त्यासाठी. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, ज्यांना लागू असेल त्यांना नॉन क्रिमीलेअर, हे सगळं एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलमध्ये उभं राहायला जागा नसते. नावातला काना-मात्रा शाळेच्या दाखल्याशी जुळतो का तेही आधीच बघा. आमच्या पोरीच्या वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती, त्यापायी तीन खेटे झाले.

बरं, येतो. भाजी करपली नसेल अशी आशा. नमस्कार.